आधी आई की आधी मुलगी? बडोद्यातल्या एका फलकाचं प्रकरण

प्रकरण एका फलकाचं आहे. मराठी रंगभूमी दिनाच्या निमित्ताने, 5 नोव्हेंबरला, बडोद्यातल्या आमच्या मराठी मंडळाने रंगभूमी आणि मूकपट यांतल्या स्त्रियांवर एक छोटं प्रदर्शन लावलं. फलकांचा मजकूर माझ्याकडे होता. बालगंधर्वांवरचा फलक पहिल्याच बैठकीत मंजूर झाला. कोल्हापूरच्या मूकपटांवरच्या मजकुरात फक्त ऱ्हस्व-दीर्घ बदललं गेलं. 1913 च्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात काम केलेल्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई गोखले यांचा फलक मात्र कार्यकारिणीत अडकून बसला. तो का अडकला आणि कसा सुटला हे सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, कुठल्याही मराठी मंडळाने हा विषय हाती घेतला तरी हाच पेच समोर उभा राहणार आहे.

या दोघी बडोद्याच्या नव्हेत. त्यांचा चित्रपट नाशिकला तयार झाला. मग बडोद्याने त्यांच्यावर फलक का लावावा, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघाला आणि तो रास्त होता. त्याचं उत्तर सयाजीरावांच्या बडोद्यात आहे. तो चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर चित्रकला शिकायला आले ते इथल्या कलाभवनात. प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने 1890 साली सुरू झालेली ही संस्था आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेच्या रूपाने उभी आहे. आमच्यातल्या निम्म्या लोकांची मुलं त्या इमारतीत शिकली, पण तिचा आणि चित्रपटाचा संबंध फार थोड्यांना ठाऊक होता. त्याच काळात राजा रविवर्मा बडोद्याच्या राजघराण्यासाठी पौराणिक चित्रं करत होते. नऊवारीत, दागिन्यांनी मढलेली देवी आज आपल्याला सहज डोळ्यांसमोर येते, ती पुष्कळशी या चित्रांमुळे. पुढे फाळक्यांनी रविवर्म्यांच्या लोणावळ्याजवळच्या छापखान्यातही काम केलं. त्यांच्या पडद्यावर पार्वती आणि मोहिनी कशा दिसाव्यात हे ठरलं, त्यामागे हा सगळा सराव होता.

तिसरा धागा बालगंधर्वांचा. गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय होता आणि ती मंडळी निघाली 1913 साली. म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्रातला सर्वांत लाडका स्त्री-पार्टी नट, म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष, स्वतःची कंपनी काढत होता, त्याच वर्षी नाशिकला एक आई आणि तिची तेरा वर्षांची मुलगी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत होत्या. हे दोन फलक शेजारी शेजारी लावायचे, ही प्रदर्शनाची मूळ कल्पना होती. त्यावर कुणाचीच हरकत नव्हती. भांडण सुरू झालं ते मथळ्यावरून.

कार्यकारिणीचा मसुदा

मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, आम्ही त्यांना काका म्हणतो, आधीच एक मसुदा तयार करून ठेवला होता. मथळा होता 'भारतीय चित्रपटसृष्टीची पहिली नायिका कमलाबाई गोखले'. खाली चार ओळी: 'मोहिनी भस्मासुर', 1913, दिग्दर्शक दादासाहेब फाळके, मोहिनीच्या भूमिकेत कमलाबाई. त्याखाली ठळक अक्षरांत, चंद्रकांत गोखले यांच्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी. दुर्गाबाईंचा उल्लेख एका कंसात, 'त्यांच्या मातोश्रींनीही याच चित्रपटात पार्वतीची भूमिका केली होती'.

काकांचं म्हणणं साधं होतं. प्रदर्शनाला येणारा माणूस फलकासमोर फार वेळ थांबत नाही. त्याला 'पहिली' हा शब्द दिसला की तो थबकतो, आणि विक्रम गोखल्यांचं नाव दिसलं की त्याला आपलं वाटतं. मंडळाचं काम लोकांना थांबवणं आहे, प्रबंध लिहिणं नव्हे. काका अनेक वर्षं प्रदर्शनं लावत आले आहेत आणि माणसं कुठे थांबतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून हा मुद्दा मी झटकून टाकला नाही.

हरकत आधी घेतली ती ललित कला शाखेत शिकणाऱ्या एका मुलीने. तिचं म्हणणं, पहिली म्हणायचीच असेल तर आई आधी. पार्वती ही काही लहान भूमिका नाही, आणि एका प्रौढ बाईने जाणूनबुजून केलेलं काम तेरा वर्षांच्या मुलीच्या कामाखाली कंसात का जावं? त्यावर काका म्हणाले, "अगं, पण गोष्ट मोहिनीची आहे. नाचून भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर ठेवायला लावते ती मोहिनी. नायिका तीच." दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच बैठक पुढे सरकेना.

1903

माझं मत दोघांहून वेगळं होतं आणि ते बनलं कमलाबाईंचं सगळं आयुष्य एका ओळीत मांडून बघितल्यावर. त्या दीर्घ आयुष्यात मूकपट येतो तो किती? एक चित्रपट. त्याच्या आधी रंगभूमी, त्याच्या नंतर लगेच पुन्हा रंगभूमी. आणि ही ओळ 1913 पासून सुरू होतच नाही, ती 1903 पासून सुरू होते.

त्या साली दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. नवरा, आनंद नानोसकर, जे. जे. स्कूलमध्ये इतिहास शिकवणारा. पदरी लहान मुलगी. ब्राह्मण घरातल्या एकट्या बाईला त्या काळी पोट भरण्याचे मार्ग किती होते? कुणाच्या घरी धुणीभांडी-स्वयंपाक, किंवा ज्याचं नाव घ्यायचं नाही असा एक मार्ग, किंवा नाटक कंपनी. तिसऱ्या वाटेला गेलेल्या बाईला जात आणि नातेवाईक दुसऱ्या वाटेच्या बाईपेक्षा फारसं वेगळं लेखत नसत. दुर्गाबाईंनी नाटक निवडलं आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली. कंपनीची फिरती असल्यामुळे मुलीला नियमित शाळा मिळाली नाही. कमलाबाई वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून रंगमंचावर होत्या.

आता फाळक्यांची अडचण बघा. 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना तारामती हवी होती. जाहिराती दिल्या, पण चांगल्या घरची बाई येईना. ते वेश्यावस्तीतही जाऊन आले, तिथेही कुणी कॅमेऱ्यासमोर उभं राहायला तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हा प्रसंग आपल्याकडे गमतीने सांगितला जातो. मला त्यात गंमत वाटत नाही. एका मोठ्या शहरात एकही बाई तिथवर येऊ शकली नाही, हे त्या गोष्टीचं खरं तात्पर्य आहे.

त्यानंतर काही महिन्यांतच फाळक्यांना दुर्गाबाई आणि कमलाबाई मिळाल्या. मधल्या काळात समाज बदलला होता का? मुळीच नाही. फाळक्यांना भेटलेली बाई दहा वर्षांपूर्वीच घराबाहेर पडलेली होती, बोल ऐकून झालेले होते, जातीने पाठ फिरवून झालेली होती. चित्रपटाने या दोघींना उंबरठ्याबाहेर आणलं नाही. त्या बाहेरच होत्या, आणि चित्रपटाला त्याचा फायदा झाला. दुर्गाबाईंनी 1903 साली जे सोसलं त्यावर 1913 ची मोहिनी उभी आहे. हे फलकावर आलं नाही तर फलक लावण्यात अर्थ नाही, असं मी बैठकीत म्हणालो आणि आजही म्हणतो.

या मुलीने कॅमेऱ्यासमोर काय केलं असेल, हाही विचार करण्यासारखा भाग आहे. संगीत नाटकाच्या कंपनीत वाढलेली मुलगी, तिचं सगळं भांडवल गळ्यात. पद म्हणायचं, वन्स मोअर घ्यायचा, सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा. कॅमेऱ्याला त्यातलं काहीही नको होतं. हाताने फिरवायचा कॅमेरा, उघड्या उन्हातलं चित्रण, समोर प्रेक्षक नाही, टाळी नाही, आणि आवाज तर मुळातच नाही. उरतं ते अंग: हातांच्या मुद्रा, डोळे, मानेचा झोक. मोहिनीची गोष्टही नेमकी हीच. ती जे हात करते तेच भस्मासुर करतो आणि त्यातच त्याचा घात होतो. मूकपटाला शोभेल असं कथानक फाळक्यांनी निवडलं होतं, आणि नाचाची सवय असलेली मुलगी त्यांना मिळाली होती. 1914 साली त्यांनी आपले तीन चित्रपट लंडनला नेले, त्यांत हा होता.

तो आज आपल्याला बघता येत नाही. मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले तीसच्या आसपासच आज थोडेफार पाहायला मिळतात. नायट्रेटची फिल्म पेट घेते, उष्ण दमट हवेत कुजते, आणि जुन्या फिल्मा चांदी काढण्यासाठी विकल्याही जात. 'मोहिनी भस्मासुर' गेलेल्यांत आहे. म्हणून प्रदर्शनात आम्ही प्रोजेक्टरवर 'कालिया मर्दन' (1919) दाखवला, तो बराचसा शिल्लक आहे. त्याच्या सुरुवातीलाच फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. एखाद्या मुलीने बिनआवाजी कॅमेऱ्यासमोर काम करायचं म्हणजे काय, हे त्या दृश्यात दिसतं. पुष्कळ जण तो भाग पुन्हा लावायला सांगत होते.

'पहिली' असण्याचा उपयोग

काकांच्या मथळ्यावर माझी खरी हरकत इथे होती. 'पहिली' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, दार उघडलं आणि मागून रांग लागली. तसं घडलंच नाही. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये सीता कोण? पुन्हा अण्णा साळुंके, आणि रामही तेच. खऱ्या दोन स्त्रिया पडद्यावर येऊन चार वर्षं झाली होती, तरीही. 1920 साली बाबूराव पेंटर यांच्या 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनसूयाबाई आल्या, पण त्यांची नावं बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी करण्यात आली. रंगभूमीवर तर बालगंधर्व आणखी कित्येक वर्षं भामिनी आणि सिंधू होत राहिले, आणि प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतलं. 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक 1933 साली आलं, तेव्हा कुठे स्त्रियांनी स्त्रियांच्या भूमिका करण्याला मराठी नाट्यव्यवसायात प्रतिष्ठेची वाट मिळाली. मधली वीस वर्षं 'पहिली' या शब्दाखाली गडप होतात.

आणि स्वतः कमलाबाईंना तरी त्या पहिलेपणाचा काय उपयोग झाला? त्या नाटकात परतल्या, कारण नाटक कंपनी महिन्याचं वेतन देत होती, राहायला बिऱ्हाड आणि दोन वेळची पंगत देत होती. चित्रपट तेव्हा एकाच माणसाचा उद्योग होता आणि तो माणूस स्वतःच कर्जात असायचा. मूकपट सोडून त्या परत का गेल्या, याचं एखादं भावनिक कारण शोधण्याची गरज नाही. पोटाचा हिशेब पुरेसा आहे.

लग्न झालं तेही नाटकातच, रघुनाथराव गोखल्यांशी. या माणसाबद्दलची माहिती मला सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त भिडली. रघुनाथराव किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करत. आवाज फुटला, ती कामं सुटली, आणि ते भावाच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत आले. तिथे ते नायक आणि कमलाबाई नायिका. ज्या भूमिका आधी नवरा करत असे त्या आता बायको करू लागली, एकाच घरात. मराठी रंगभूमीवर त्या काळात जो बदल होत होता तो या एका संसारात पुरा दिसतो. रघुनाथराव लवकर गेले. कमलाबाई तेव्हा पंचविशीच्या आसपास. तीन मुलगे: चंद्रकांत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले. त्या तिघांना वाढवलं ते नाटकावर. पुढे बोलपटांतही त्यांनी पुष्कळ कामं केली, पण त्या शेवटपर्यंत स्वतःला रंगभूमीचीच समजत. रीना मोहन यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर माहितीपट केला तेव्हा त्या नव्वदीच्या घरात होत्या, आणि जुन्या नाटकातली भाषणं त्यांना तेव्हाही येत होती.

म्हणजे आई एकटी, मुलीसह नाटकात. मग मुलगी एकटी, मुलांसह नाटकात. दोन पिढ्यांत तीच गोष्ट पुन्हा घडली आणि दोन्ही वेळा आधार रंगभूमीनेच दिला. रंगभूमी दिनाच्या प्रदर्शनात याहून मोठं सांगण्यासारखं काय असणार?

एका वाक्यावर अडलेलं घोडं

हे सगळं मांडल्यावर काकांनी मथळा सोडायची तयारी दाखवली. पण मग नवीनच अडचण आली. माझ्या मजकुरात पहिलं वाक्य होतं, 'दुर्गाबाई 1903 साली पतीपासून वेगळ्या झाल्या आणि मुलीला घेऊन नाटक कंपनीत गेल्या.' कार्यकारिणीतल्या दोघातिघांना हे वाक्य नको होतं. कुणाच्या घरातली गोष्ट अशी चारचौघांत कशाला? आईवडिलांबरोबर शाळेतली मुलं येणार. 'घरच्या परिस्थितीमुळे नाटकात आल्या' असं सौम्य लिहावं.

त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना दुर्गाबाईंचा मान राखायचा होता. पण 'घरच्या परिस्थितीमुळे' लिहिलं की वाचणाऱ्याला गरिबी दिसते, निर्णय दिसत नाही. आणि बाईने घेतलेला निर्णय झाकणं म्हणजे तिला पुन्हा कंसात टाकणं. मी तसं बोललो. वाद थोडा तापला.

तो सुटला आमच्या एका ज्येष्ठ सभासद काकूंमुळे. दांडिया बाजारात सगळं आयुष्य गेलेल्या या काकू बैठकीत सहसा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "तिने लपवलं नाही, मग आपण कोण लपवणार? तिने लपवलं असतं तर ती स्टेजवर उभीच राहिली नसती." मग कुणी काही बोललं नाही. वाक्य जसंच्या तसं राहिलं.

तारखांचा एक तांत्रिक पेचही नोंदवून ठेवतो, पुढच्यांना उपयोगी पडेल. नेटवर या मायलेकींच्या नोंदींत जन्ममृत्यूच्या तारखा एकमेकींत मिसळलेल्या आढळतात. काही नोंदी खऱ्या धरल्या तर आई आणि मुलगी जवळजवळ एकाच वयाच्या ठरतात. म्हणून फलकावर पूर्ण तारखा द्यायच्या नाहीत, ज्या वर्षांना एकाहून अधिक ठिकाणी दुजोरा आहे तीच द्यायची, असं ठरवलं. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी करावी.

शेवटी फलक असा झाला. मथळ्यात फक्त दोन नावं, एकाच आकाराच्या अक्षरांत, आईचं आधी. मग 1903 चं वाक्य. मग 1913, आणि तिथे स्पष्ट लिहिलं की या दोघी भारतीय कथापटात दिसलेल्या पहिल्या स्त्रिया. काकांचा 'पहिली' शब्द गेला नाही, तो मथळ्यातून आत आला. आणि फलकाचा अर्ध्याहून मोठा भाग 1913 नंतरच्या रंगभूमीला दिला. चंद्रकांत आणि विक्रम गोखले तळाशी, एका ओळीत.

प्रदर्शनात

काकांची भीती होती की लोक थांबणार नाहीत. थांबले. तरुण मुलं बालगंधर्वांच्या छायाचित्रासमोर मोबाईल काढून उभी राहिली, पण दुर्गाबाईंच्या फलकाशी मध्यमवयीन बायका बराच वेळ थांबल्या, आणि त्यांच्यातल्या काही जणी आपापसांत बोलत राहिल्या. एका बाईंनी विचारलं, नवरा पुढे त्यांना भेटला का? एक गुजराती शेजारीणबेन आल्या होत्या. त्यांना स्त्री-पार्टी नट ही गोष्ट नवी नव्हती, कारण गुजराती रंगभूमीवर जयशंकर 'सुंदरी' यांचं नाव त्यांच्या घरी आजही आदराने घेतलं जातं. त्यांनी मजकूर गुजरातीतही असायला हवा होता असं सांगितलं. त्यांचं म्हणणं पटलं. दुसऱ्या खेपेला फलक दोन्ही भाषांत असेल.

या प्रकरणाचा सर्वांत मोठा परिणाम मात्र वेगळ्याच फलकावर झाला. प्रदर्शनात हिराबाई बडोदेकरांचा फलक होता, कारण त्यांच्या आडनावातच आमचं गाव आहे आणि स्त्रियांनी पुरुषांबरोबर रंगमंचावर काम करण्याच्या सुरुवातीच्या इतिहासात त्यांचं स्थान मोठं आहे. त्या फलकात त्यांचे वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ ठळकपणे होते, आई नव्हती. आई म्हणजे ताराबाई माने, बडोद्याच्या दरबारातल्या सरदार मारुतीराव मान्यांची मुलगी. घरच्यांचा विरोध पत्करून त्या खाँसाहेबांबरोबर बडोदं सोडून गेल्या, आणि पुढे त्यांच्यापासून वेगळ्या होऊन सुरेशबाबू, हिराबाई, सरस्वतीबाई अशी पाच मुलं त्यांनी एकटीने उभी केली. दुर्गाबाईंचा फलक मंजूर झाल्यावर त्या विद्यार्थिनीनेच हे लक्षात आणून दिलं. हिराबाईंचा फलक पुन्हा छापायला वेळ नव्हता, म्हणून त्याच्या डाव्या बाजूला ताराबाईंवर एक हाताने लिहिलेला कागद लावला. पुढच्या वर्षी तो छापील असेल आणि मथळ्यात दोन नावं असतील. त्याचा मजकूर या वेळी काका लिहीत आहेत.